मक्याच्या शिवारातले विद्यापीठ

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाला १९६०च्या दशकात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे ग्रंथालय बांधायचे होते. जागा हवी होती आवाराच्या मधोमध, मुख्य ग्रंथालयाजवळ. तशी जागा होतीही, पण शेजारी मक्याचे एक लहानसे शेत होते आणि इमारत वर चढवली तर तिची सावली पिकावर पडणार होती. विद्यापीठाने शेत हलवले नाही. ग्रंथालयाचे दोन्ही मजले जमिनीखाली बांधले, खाली उजेड पोचावा म्हणून मध्ये उघडा चौक ठेवला आणि १९६९ मध्ये ते विद्यार्थ्यांसाठी खुले केले. ज्या शेतासाठी हा सारा खटाटोप झाला त्याला ‘मॉरो प्लॉट्स’ म्हणतात. तिथे १८७६ पासून दरवर्षी पेरणी होत आली आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत मिळून इतका जुना आणि अजून चालू असलेला पिकांचा प्रयोग दुसरा नाही. जगात त्याच्याहून जुना आहे तो इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडचा. सुरुवातीला दहा तुकडे होते, आता तीन उरले आहेत. एका तुकड्यात तेव्हापासून मक्यावर मकाच घेतला जातो. दुसऱ्यात एक वर्षाआड पीक बदलते; पूर्वी मका आणि ओट, १९६७ पासून मका आणि सोयाबीन. तिसऱ्यात तीन वर्षांची फेरपालट असते आणि तिच्यात चाऱ्याचे पीकही येते. बेवड चांगला तर पीक चांगले, हे आपल्याकडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. या तीन तुकड्यांनी तेच मोजून दाखवले. खत न घालता मक्यावर मका घेतला त्या भागात उत्पन्न सर्वांत कमी राहिले आणि मातीतला सेंद्रिय अंशही सर्वाधिक घटला. रासायनिक नत्रामुळे मातीतला कर्ब वाढतो की घटतो, यावर याच विद्यापीठाच्या मृदाशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये जो निबंध लिहिला, त्याचा आधारही हेच शेत. त्या निबंधावर वाद झाला, पण वाद घालायला एवढ्या वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या.

दीडशे वर्षे एकाच रानाच्या नोंदी ठेवायच्या, हे कुठल्याही कंपनीच्या हिशेबात बसत नाही. जिथे जमिनीचा भाव चौरस फुटावर ठरतो अशा महानगरातही असे शेत टिकत नाही. ते टिकले शॅम्पेन आणि अर्बाना या दोन जुळ्या गावांत. शिकागोपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला, नजर जाईल तिथवर सपाट आणि काळ्या मातीच्या मुलखात ही गावे आहेत. डोंगर नाही, समुद्र नाही, मोठी नदीही नाही. २०२० च्या जनगणनेत शॅम्पेनची लोकसंख्या ८८,३०२ आणि अर्बानाची ३८,३३६ भरली. म्हणजे दोन्ही मिळून आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या शहराएवढी वस्ती. तिथे शिकणारे विद्यार्थी मात्र साठ हजारांच्या घरात आहेत. एक कोटीहून अधिक ग्रंथ असलेले ग्रंथालय, भौतिकशास्त्राची दोन नोबेल पारितोषिके मिळवणारा जगातला एकमेव शास्त्रज्ञ, सामान्य माणसापर्यंत इंटरनेट पोचवणारा ब्राउझर, हे सगळे या दोन गावांच्या नावावर आहे. ‘एवढ्याशा गावात एवढे मोठे विद्यापीठ कसे’ असे आश्चर्य यावर नेहमी व्यक्त होते. मला तो प्रश्नच उलटा वाटतो. हे विद्यापीठ मोठे झाले ते गाव लहान होते म्हणून, आणि लोकांच्या पैशावर चालत असल्याने त्याला आसपासच्या लोकांना जाब द्यावा लागत होता म्हणून. या दोन गोष्टींपैकी एक जरी सुटली तरी उरलेली फार काळ टिकत नाही, हेही याच विद्यापीठाच्या अलीकडच्या इतिहासात दिसते.

सुरुवात झाली ती एका मागणीतून. अमेरिकेत १८५० च्या सुमारास कॉलेजे होती, पण ती बहुतेक धर्मोपदेशक, वकील आणि डॉक्टर घडवणारी होती. शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या मुलांसाठी उच्च शिक्षण का नाही, असा प्रश्न इलिनॉयमधले एक प्राध्यापक जोनाथन बाल्डविन टर्नर सभांतून आणि पत्रकांतून विचारत होते. व्हरमाँटचे खासदार जस्टिन मॉरिल यांनी त्याच धर्तीचा कायदा काँग्रेसमध्ये मांडला. यादवी युद्ध पेटलेले असताना, २ जुलै १८६२ रोजी, अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे राज्याला ३०,००० एकर सरकारी जमीन मिळायची, आणि ती विकून येणाऱ्या पैशातून निदान एक तरी कॉलेज चालवायचे. इलिनॉयच्या वाट्याला ४,८०,००० एकरांचे रोखे आले. या कायद्यातली एक अट फार महत्त्वाची आहे. कॉलेजात शेती आणि यंत्रविद्या शिकवलीच पाहिजे, मात्र इतर शास्त्रे आणि अभिजात विद्या त्यातून वगळायच्या नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. शेतकऱ्याच्या मुलाने नांगरही समजून घ्यावा आणि होमरही वाचावा, हे त्या काळच्या अमेरिकेतही अनेकांना थट्टेचे वाटत होते. पुढचे सारे याच अटीतून उगवले.

विद्यापीठ कुठे उभारायचे, हे मात्र तत्त्वाने ठरले नाही. राज्याने बोली मागवल्या आणि चार ठिकाणे पुढे आली. आकड्यांत पाहिले तर शॅम्पेन जिल्ह्याची बोली सर्वांत लहान होती: थोडी जमीन, जिल्ह्याचे कर्जरोखे, रेल्वे कंपनीने देऊ केलेली मालवाहतुकीची सवलत, आणि एका शाळेसाठी बांधायला घेतलेली भली थोरली रिकामी इमारत, जिला गावकरी ‘एलिफंट’ म्हणत. तरीही बाजी त्यांनीच मारली, कारण अर्बानाचे आमदार क्लार्क ग्रिग्ज यांनी राज्यभर हिंडून इतर आमदारांशी आधीच संधान बांधले होते आणि राजधानी स्प्रिंगफील्डच्या हॉटेलात त्यांच्यासाठी पंगतीही घातल्या होत्या. २८ फेब्रुवारी १८६७ रोजी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये पन्नासेक विद्यार्थ्यांनिशी ‘इलिनॉय औद्योगिक विद्यापीठ’ सुरू झाले. दोन गावे का होती, याचाही खुलासा इथेच करायला हवा. १८५४ मध्ये आलेल्या रेल्वेने आपले रूळ अर्बानाच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवरून नेले. स्टेशनाभोवती नवी वस्ती झाली, तीच पुढे शॅम्पेन. विद्यापीठ या दोहोंच्या मधल्या मोकळ्या रानात बसले आणि दोन्ही गावे वाढत वाढत त्याला येऊन भिडली. यावर कोणी म्हणेल की हे सगळे राजकारण आणि योगायोग आहे, त्यातून सिद्धान्त कसला काढायचा? जागेची निवड राजकारणाने झाली, हे मान्य आहे. पण जागा एकदा ठरल्यावर तिने विद्यापीठाला कसे वळण लावले, ते त्या राजकारणाने ठरवलेले नव्हते.

पहिली काही दशके शेतकरी या विद्यापीठावर नाराजच होते. पहिले प्रमुख जॉन मिल्टन ग्रेगरी यांनी भाषा, इतिहास, कला यांना जागा दिली, तेव्हा खुद्द टर्नर यांनाही ते रुचले नाही. पुस्तकी शेती आम्हाला काय शिकवणार, असे शेतकरी उघड म्हणत, आणि शेतीच्या वर्गात विद्यार्थी मोजकेच असत. विद्यापीठ मोठ्या शहरात असते तर ही नाराजी कानाआड करता आली असती. इथे ती करता येत नव्हती, कारण आवाराची हद्द संपली की शेतकऱ्याचे शेत सुरू होत होते आणि विधिमंडळात पैसे मंजूर करणारे आमदार त्याच शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून येत होते. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्यात शेती संशोधन केंद्रासाठी केंद्राचा पैसा आला. १८९५ मध्ये यूजीन डेव्हनपोर्ट शेती विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या संघटनांनाच आपल्या बाजूला वळवले. त्या संघटनांनी विधिमंडळावर दबाव आणून शेतीच्या इमारतीसाठी निधी मिळवला. १९०१ ची ती इमारत आज डेव्हनपोर्ट हॉल म्हणून ओळखली जाते. सिरिल हॉपकिन्स यांनी राज्यातल्या मातीचे जिल्हावार सर्वेक्षण हाती घेतले. १८९६ मध्ये त्यांनी मक्याच्या दाण्यातले तेल आणि प्रथिने निवडीने वाढवण्या-घटवण्याचा जो प्रयोग सुरू केला, तो शंभराहून अधिक पिढ्या चालला आहे. १९१४ च्या कायद्याने विस्तार सेवा आली, म्हणजे विद्यापीठाचा पगारी माणूस जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन बसला. शेतकऱ्याची तक्रार प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेचे उत्तर शेतात, अशी दुतर्फा वाट तयार झाली.

शेतीचे पटेल, पण संगणक आणि अतिवाहकता यांचा मक्याच्या रानाशी काय संबंध, हा रास्त आक्षेप आहे. उत्तर शोधण्यासाठी जॉन बार्डीन यांच्याकडे पाहू. ट्रान्झिस्टरच्या शोधातले हे भागीदार १९५१ मध्ये बेल लॅब्ज सोडून अर्बानाला आले. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरसाठी त्यांना पहिले नोबेल मिळाले, ते इथे असतानाच. लगेच १९५७ मध्ये लिऑन कूपर आणि जॉन श्रीफर यांच्याबरोबर त्यांनी अतिवाहकतेचा सिद्धान्त मांडला. धातू अतिथंड केला की त्याचा विद्युतरोध अचानक नाहीसा का होतो, हे कोडे चाळीसहून अधिक वर्षे सुटले नव्हते. ते या तिघांनी इलिनॉयच्या एकाच विभागात बसून सोडवले आणि १९७२ मध्ये बार्डीन यांना दुसरे नोबेल मिळाले. विद्यापीठात तेव्हा घनरूप पदार्थांच्या भौतिकशास्त्राचा मोठा गट जमवला जात होता. बार्डीन यांना इथे भौतिकशास्त्र आणि विद्युत अभियांत्रिकी या दोन्ही विभागांत नेमणूक मिळाली, आणि ती एका विभागाची दुसऱ्यावर मेहेरबानी नव्हती. यंत्रविद्या आणि शुद्ध शास्त्र एका छताखाली ठेवण्याची १८६२ ची अट इथे अंगवळणी पडली होती. १९५२ मध्ये ‘इलियाक’ हा संगणक विद्यापीठाने स्वतः बांधला आणि स्वतःच्या मालकीचा ठेवला. पाचच वर्षांत रसायनशास्त्रातून संगीताकडे वळलेले लेजारेन हिलर यांनी लिऑनर्ड आयझॅक्सन यांच्या साथीने याच यंत्राकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करवून घेतली. १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू केली. तिच्यासाठी पडदा हवा होता म्हणून १९६४ मध्ये प्लाझ्मा पडदा तयार झाला, आणि सत्तरीच्या दशकात त्याच जाळ्यावर लोक एकमेकांशी पडद्यावरून गप्पा मारू लागले होते. १९९३ मध्ये इथल्याच संगणन केंद्रातून ‘मोझेक’ हा ब्राउझर बाहेर पडला. चित्र आणि मजकूर एकाच पानावर दाखवणाऱ्या त्या ब्राउझरने इंटरनेट तज्ज्ञांच्या खोलीतून घराघरात नेले.

युद्धकाळात आणि शीतयुद्धात केंद्र सरकारने संशोधनावर पाण्यासारखा पैसा ओतला, तो कुठेही गेला असता, असेही कोणी म्हणेल. पैसा अनेक ठिकाणी गेला, हे खरे. पण लहान गावाने त्या पैशाला दोन गोष्टी जोडून दिल्या. जागा स्वस्त होती, म्हणून सगळे विभाग चालत जाण्याच्या अंतरावर एकत्र राहिले. शिकागोत ते शहरभर विखुरले असते. आणि संध्याकाळी प्राध्यापकाला जायला दुसरे जगच नव्हते. रसायनशास्त्राचा माणूस संगीतकाराच्या शेजारी राहत होता, अभियंत्याची मुले शेतीतज्ज्ञाच्या मुलांच्या वर्गात होती. महानगरात प्रत्येकाला आपल्या धंद्याची माणसे भेटतात. लहान गावात दुसऱ्या विषयाची माणसे टाळू म्हटले तरी टाळता येत नाहीत, आणि नवे शोध पुष्कळदा दोन विषयांच्या सीमेवरच लागत असतात.

या गावाने विद्यापीठाला जे शिकवले त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण प्रयोगशाळेबाहेरचे आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या, चाकांच्या खुर्चीवर आलेल्या तरुणांसाठी टिमथी नजेंट यांनी १९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग इथल्या शाखेत एक उपक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी शाखा बंद झाली आणि तो मुख्य आवारात आला. अपंगांनी विद्यापीठात यावे ही कल्पनाच तेव्हा नवी होती. काही प्राध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना ती निरर्थक वाटत होती. नजेंट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उतार बांधून घेतले, फूटपाथच्या कडा रस्त्याच्या पातळीला आणायला लावल्या, खुर्ची वर घेणाऱ्या लिफ्टच्या बसगाड्या सुरू केल्या, खुर्चीवरच्या बास्केटबॉलचा संघ उभा केला. गाव आटोपशीर असल्याने घरातून वर्गात, वर्गातून दुकानात आणि दुकानातून परत, एवढा सगळा मार्ग एकट्याने पार करता येईल असा करणे शक्य झाले. १९६१ मध्ये इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठी अमेरिकेत पहिले राष्ट्रीय मानक निघाले, त्यामागचे काम याच आवारात झाले. आज जगात कुठेही फूटपाथची कडा उतरती केलेली दिसते, तिच्या घराण्याच्या मूळ पुरुषांपैकी एक शोधायचा तर शॅम्पेन-अर्बानाला जावे लागते. बाकी सोयीही अशाच मिळून झाल्या आहेत. गावाचा विमानतळ विद्यापीठाच्या मालकीचा आहे. १९२२ पासून चालू असलेले विद्यापीठाचे रेडिओ केंद्र आसपासच्या शेतकऱ्यांना हवामान आणि बाजारभाव सांगत आले. दोन्ही गावांची बससेवा विद्यार्थ्यांच्या फीमधून येणाऱ्या पैशाच्या आधाराने एवढी चांगली चालते की तेवढ्या वस्तीच्या इतर अमेरिकी गावांना ती परवडणार नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लाळेवरून निदान करणारी चाचणी तयार केली आणि आवारातल्या लोकांची आठवड्यातून दोनदा तपासणी केली.

आता दुसरी बाजू. विद्यापीठ हाच गावाचा मुख्य मालक असला की गावाचे काही खरे नसते, असे तिथले अनेक रहिवासी म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. विद्यापीठाच्या जमिनीवर घरपट्टी बसत नाही. अर्बानासारख्या लहान गावात हद्दीतला मोठा हिस्सा असा करमुक्त असला की रस्ते, शाळा, अग्निशमन यांचा बोजा उरलेल्या घरांवर पडतो. आवाराजवळच्या ग्रीन स्ट्रीटवर दोन मजली दुकाने पडून उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथले भाडेकरार ऑगस्ट ते ऑगस्ट असतात, कारण साऱ्या गावाचे वर्ष विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालते. ज्याला विद्यापीठाशी देणेघेणे नाही अशा कामगारालाही घर शोधताना याच चौकटीत शोधावे लागते. हे दोष खरे आहेत, पण त्यांवरचा इलाज विद्यापीठ लहान करणे हा नाही. विद्यापीठाने कराच्या जागी गावाला ठरावीक रक्कम द्यावी, अग्निशमनाचा खर्च वाटून घ्यावा, असे करार अमेरिकेत अनेक ठिकाणी झाले आहेत. ते वाटाघाटीचे काम आहे, आणि वाटाघाटीत लोकांच्या विद्यापीठाला जे ऐकून घ्यावे लागते ते खासगी विद्यापीठाला लागत नाही. अर्थात लोकांचे असण्यालाही किंमत आहे. २००९ मध्ये राजकारण्यांच्या वशिल्याच्या अर्जदारांसाठी इथे वेगळी यादी ठेवली जात होती, हे उघडकीस आले. गदारोळ झाला, चौकशी बसली, विद्यापीठाचे अध्यक्ष आणि कुलगुरू दोघांनाही पायउतार व्हावे लागले. सार्वजनिक संस्थेत वशिला शिरतो हे खरे, आणि तो बाहेर काढण्याचा हक्कही लोकांनाच असतो.

सर्वांत कठीण आक्षेप जमिनीचा आहे. मॉरिल कायद्याने राज्यांना वाटलेली जमीन ओसाड पडलेली नव्हती. ती मूळ अमेरिकी जमातींकडून, पुष्कळदा सैन्याच्या धाकाने केलेल्या करारांनी, घेतलेली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधपत्रकारितेच्या मालिकेने तुकडान्‌तुकडा शोधून दाखवले की एक कोटीहून अधिक एकर जमीन सुमारे अडीचशे जमातींकडून आली होती. इलिनॉयच्या रोख्यांवरची जमीनही इतर राज्यांत होती. ज्या विद्यापीठाने या लोकांच्या जमिनीवर पाया घातला, त्याच्याच संघांच्या सामन्यांत २००७ पर्यंत मूळ अमेरिकी सरदाराचा वेष चढवलेला विद्यार्थी नाचत असे. विरोध वाढल्यावर ते थांबले. लोकशिक्षणाचे एवढे मोठे काम झाले म्हणून या अन्यायावर पांघरूण घालावे, असे मी म्हणणार नाही. उलट, लोकांच्या पैशाचे आणि लोकांच्या जमिनीचे विद्यापीठ म्हणवून घ्यायचे असेल तर त्या ‘लोकां’त ज्यांची जमीन गेली तेही यायला हवेत, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलण्यापासून सुरुवात व्हायला हवी. माझ्या युक्तिवादाला या इतिहासाने धक्का लागत नाही. विद्यापीठाचे ऋण किती जुने आणि किती खोल आहे, तेवढे तो स्पष्ट करतो.

हे ऋण विसरण्याचा धोका आज वेगळ्याच दिशेने आला आहे. गेल्या काही दशकांत राज्याच्या तिजोरीतून येणाऱ्या पैशाचा विद्यापीठाच्या खर्चातला वाटा घटत गेला आणि फी चढत गेली. २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या भांडणात इलिनॉयचा पूर्ण अर्थसंकल्पच मंजूर झाला नाही. सरकारी विद्यापीठांना अधूनमधून मिळणाऱ्या तात्पुरत्या मदतीवर दिवस काढावे लागले. पैसा कुठून आणायचा, तर जास्त फी भरणाऱ्या बाहेरच्या राज्यांतल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांवर इथली व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये इतकी विसंबली की २०१७ मध्ये त्यांनी एक आगळा विमा उतरवला: व्हिसाचे निर्बंध, साथ किंवा व्यापारयुद्ध यांमुळे चिनी विद्यार्थ्यांच्या फीचे उत्पन्न एकदम घसरले, तर ६ कोटी डॉलरपर्यंत भरपाई मिळावी. तीनच वर्षांत खरोखरीची साथ आली, तेव्हा या दूरदृष्टीचे कौतुक झाले असेल. मला त्यात धोक्याची खूण दिसते. शॅम्पेन जिल्ह्यातला शेतकरी काय म्हणतो, यापेक्षा बीजिंग आणि वॉशिंग्टनचे संबंध कसे आहेत, यावर ज्या विद्यापीठाचा हिशेब ठरू लागला, ते गावात असून गावाचे राहत नाही. विद्यापीठाने २०१९ पासून राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांना शिक्षणशुल्क माफ केले. सुरुवातीला वर्षाला ६१,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना त्याचा लाभ होता. हे पाऊल फार चांगले आहे. पण त्याचा खर्च इतर विद्यार्थ्यांच्या फीतून आणि देणग्यांतून भागवायचा, की पूर्वीसारखा राज्याने उचलायचा, हा प्रश्न उरतोच. देणगीदाराला दीडशे वर्षे चालणारा मक्याचा प्रयोग पटवणे कठीण आहे. त्याला आपल्या नावाची इमारत हवी असते.

या विद्यापीठाचे भारताशी नाते जुने आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०६ मध्ये आपला मुलगा रथींद्रनाथ याला शेती शिकायला इथेच पाठवले आणि १९१२-१३ च्या हिवाळ्यात ते स्वतः अर्बानात राहिले. त्या शिक्षणाचा उपयोग पुढे श्रीनिकेतनच्या ग्रामसुधारणेच्या कामात झाला. स्वातंत्र्यानंतर पंतनगरच्या कृषी विद्यापीठाचा आराखडा इलिनॉयच्या एच. डब्ल्यू. हॅना यांनी केला आणि १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. अमेरिकी सरकारच्या मदतीने अशी जोडणी अनेक राज्यांत झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला मॉरिल कायद्याच्याच घराण्यातले पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ आले. १९६८ मध्ये आपले कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ते राहुरीला बसले. पाठोपाठ अकोला, परभणी आणि दापोली इथे तीन उभी राहिली. अकोल्याचे विद्यापीठ मिळावे म्हणून विदर्भात आंदोलन पेटले होते. आपल्या मुलखात विद्यापीठ हवे यासाठी लोक किती जिवाला लावून घेतात, याचा तो पुरावा आहे. या चार विद्यापीठांनी दिलेले वाण, अवजारे आणि शेतकऱ्यांसाठीच्या शिवारफेऱ्या हे त्या अमेरिकी नमुन्याचेच इथले रूप. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे आपण घेतली, गावेही लहानच निवडली.

मात्र १८६२ च्या कायद्यातली ती अट मागे राहिली. पंतनगरात निदान अभियांत्रिकी आणि मूलभूत विज्ञाने एकत्र नांदली. महाराष्ट्रात शेती एका आवारात, भौतिकशास्त्र, साहित्य आणि अर्थशास्त्र दुसऱ्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, अशी वाटणी झाली. पुढे २००० मध्ये पशुवैद्यकही कृषी विद्यापीठांतून काढून नागपूरच्या स्वतंत्र विद्यापीठाकडे दिले. विशेषज्ञता वाढते, कारभार सोपा होतो, असे याचे समर्थन केले जाते. कारभार सोपा होतो, यात शंका नाही. पण कापसाच्या बोंडअळीचा प्रश्न कीटकशास्त्राएवढाच बाजाराचा, कर्जाचा, हवामानाच्या गणिताचा आणि गावातल्या माणसांच्या वागण्याचा आहे. बैलाचा प्रश्न चाऱ्याचा आहे आणि चाऱ्याचा प्रश्न पुन्हा पिकांच्या फेरपालटीचा. परभणीचा मृदाशास्त्रज्ञ आणि नांदेडच्या विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ यांच्यात रस्त्याचे अंतर दोन तासांचेही नाही, पण कुलगुरू वेगळे, खाते वेगळे, मंत्रालयातला मजला वेगळा. आपल्याकडे इलिनॉयएवढा पैसा नाही, असे म्हणून हा विषय संपवता येणार नाही. विभाग एकत्र आणायला लागतो तो बहुतांशी नियमांतला बदल, आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही ठिकाणी जमीन मुबलक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एकेकट्या कृषी विद्यापीठांनी बहुविद्याशाखीय व्हावे, असे लिहून ठेवले आहे. महाराष्ट्राने याची सुरुवात परभणीपासून करावी: तिथे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भौतिकशास्त्र आणि मराठी यांचे पूर्ण विभाग काढावेत, त्यांच्या वर्गांत गावातल्या मुलांना प्रवेश द्यावा, आणि तो खर्च राज्याच्या तिजोरीतून निदान पंचवीस वर्षांसाठी कायद्याने बांधून द्यावा.